आमच्या उपाध्यक्षांची पात्रता-तपासणी

"उपाध्यक्षाला गाडी मिळते का?" दुसऱ्या उमेदवाराने विचारलं.

"नाही. जबाबदारी मिळते."

"चालेल. ती काय वापरावी लागत नाही!" असं म्हणून ते मनापासून हसले. मी समोरच्या कागदावर त्यांचं उत्तर लिहून घेतलं.

डिंडोलीत, म्हणजे गुजराती मुलखात, आपल्या खानदेशी मंडळींच्या ट्रस्टचं एक छोटं हॉस्पिटल आहे. मी तिथला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्याआधी जवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, बरीच वर्षं एचआरमध्ये होतो. माणसं पारखायची सवय होती. म्हणूनच ट्रस्टने मला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची पात्रता तपासून अहवाल द्यायला सांगितलं. ट्रस्टच्या घटनेत, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, तशी अटच आहे. आधीचे उपाध्यक्ष वारले, तेव्हा पद रिकामं झाल्याचं चार महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यावरून पदाचं महत्त्व कळावं.

अध्यक्ष नाना. वय शहात्तर, शुगर, बीपी, आणि सगळं स्वतः करायची हौस. नाना धुळ्याकडचे, त्यामुळे उपाध्यक्ष जळगावकडचा हवा, एवढं विश्वस्तांचं आधीच ठरलं होतं. पात्रतेचा प्रश्न त्यानंतरचा.

उमेदवार तीन. मी तिघांनाही एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. अध्यक्षांशी संपर्क होत नाहीये आणि आपलं डायलिसिस युनिट बंद करायची वेळ आली, तर काय कराल?

पहिले सुदामशेठ. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे, साड्यांचे व्यापारी, अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "नानांना विचारीन."

"नाना भेटत नाहीयेत."

"असं कसं? नाना फोन उचलतातच."

दुसरे जळगावचेच, बिल्डर. आपण केलेल्या उद्घाटनांचा अल्बम घेऊन आले होते. डायलिसिस म्हणजे किडनी बदलतात, अशी त्यांनी मला माहिती दिली. गाडीचं विचारलं ते यांनीच.

तिसऱ्या मंगलाताई. नंदुरबारकडच्या, नवागामला राहणाऱ्या, सरकारी हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या स्टाफ नर्स. त्यांनी उत्तर दिलंच नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "आधी पाणी दाखवा."

डायलिसिसला पाणी फार लागतं. एका रुग्णाला एका वेळी शंभरावर लिटर, आणि तेही एकदम शुद्ध. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यात उरला, तर रुग्णाच्या रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून पाण्याची रोज तपासणी करून वहीत नोंद करायची असते. मंगलाताईंनी ती वही उघडली.

"भाऊ, हाई वही कोन लिखस? नऊ दिनपासून कोरी शे."

मुलाखत मी घेत होतो. घाम मलाच फुटला.

अहवालात लिहिलं, दोघे अपात्र, मंगलाताई पात्र. दुसऱ्या दिवशी नानांनी बोलावून घेतलं.

"बोरसे, हा अहवाल आहे की शाळेचं प्रगतिपुस्तक? सुदामला नापास केलंस? अरे, उपाध्यक्षाला काम काय असतं?"

"अध्यक्ष नसतील तेव्हा अध्यक्षांचं काम."

"मग? मी कुठे चाललोय?"

शहात्तराव्या वर्षी माणूस कुठे चाललेला असू शकतो, हे नोकरी सांभाळून सांगता येत नाही. मी अहवाल बदलला. 'तिन्ही उमेदवार आपापल्या परीने पात्र आहेत' असं लिहून खाली ठसठशीत सही केली. वाक्य खोटं नव्हतं. आपापल्या परीने तर प्रत्येकजण पात्र असतोच, प्रश्न फक्त कशासाठी, एवढाच असतो.

सुदामशेठ निवडून आले. त्यांनी सहा महिने हारतुरे उत्तम स्वीकारले. मंगलाताई हरल्यावर दर मंगळवारी येऊन पाण्याची वही बघू लागल्या. त्यांना पद नव्हतं, त्यामुळे कुणाला त्यांचा त्रासही नव्हता.

अशाच एका मंगळवारी सकाळी फोन आला. नाना घरी कोसळले होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. मी फोन ठेवतो तोच आमचा टेक्निशियन कल्पेशभाई समोर उभा राहिला. त्याच्या हातात तपासणीची पट्टी होती आणि तिचा रंग बदलला होता.

"साहेब, आ पाणी नहि चाले. क्लोरीन आवे छे. हूं मशीन चालू नहि करूं."

बाहेर अकरा रुग्ण बसले होते. त्यात लूमवर काम करणारा भिकनभाऊ होता. आदल्या खेपेला तो आलाच नव्हता. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. त्याला आणखी थांबवणं शक्य नव्हतं.

करायचं होतं ते सरळ होतं. युनिट बंद करायचं आणि सगळ्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायचं. तिथले लोक रुग्ण घ्यायला तयार होते, फक्त ट्रस्टचं जबाबदारीचं पत्र मागत होते. घटनेप्रमाणे त्यावर सही अध्यक्षांची, ते नसतील तर उपाध्यक्षांची. सुदामशेठ अर्ध्या तासात आले. पत्र वाचलं, परत वाचलं.

"नानांना विचारू."

"शेठ, नाना बेशुद्ध आहेत."

"मग शुद्धीवर येईपर्यंत थांबू. दुपारपर्यंत बघू."

मंगलाताई दारात उभ्या होत्या. "शेठ, सही करी टाका. लोके बाहेर बठेल शेतस."

"पण कुठल्या अधिकारात करू?"

"उपाध्यक्ष शेतस ना तुम्ही!"

सुदामशेठ खरंच चमकले. मग त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं, परत लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं. हळू आवाजात म्हणाले, "बोरसेसाहेब, वाटेत कुणाचं काही झालं तर? मला नाही जमणार हो. मी साड्या विकतो." आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना त्या खुर्चीत बसायला पात्र ठरवणारी सही माझीच होती.

पत्रावर मी सही केली. मला तो अधिकार नव्हता. दोन अँब्युलन्स आणि मंगलाताईंनी थांबवलेल्या तीन रिक्षा निघाल्या. भिकनभाऊला त्यांनी पहिल्या अँब्युलन्समध्ये बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. वाटेत त्याला ऑक्सिजन लावावा लागला. दोन दिवस तो तिथेच अ‍ॅडमिट होता. बाकीचे संध्याकाळपर्यंत घरी गेले. सगळे वाचले.

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची मीटिंग झाली. विषय पहिला, बोरसे यांनी अधिकार नसताना सही केली, म्हणून कारणे दाखवा नोटीस. विषय दुसरा, संकटकाळी हॉस्पिटल समर्थपणे सांभाळल्याबद्दल उपाध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शाल आणलेली होती. पण सुदामशेठ ती घ्यायला उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मी पात्र नव्हतो. मला माहीत होतं, बोरसेसाहेबांनाही माहीत होतं. माझा राजीनामा घ्या."

त्या पदावर असताना त्यांनी केलेलं हे एकमेव काम, पण चोख केलं. माझी मात्र मान खाली गेली.

नाना महिन्याभराने परत आले. उजवा हात अजून उचलत नाही, पण सही डाव्या हाताने करतात, कुणाला करू देत नाहीत. रिकाम्या जागेवर बिल्डरसाहेब आले, कारण जळगावकडचे तेवढेच उरले होते. या वेळी मला कुणी अहवाल मागितला नाही. मी न मागता, निवडीआधीच दिला. एकाच ओळीचा, 'उमेदवार अपात्र आहेत', आणि प्रत्येक विश्वस्ताला त्याची प्रत. पोच सगळ्यांची आली आहे, उत्तर एकाचंही नाही. माझ्या नोटिशीचा निर्णयही अजून व्हायचा आहे.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी या विषयावर एकच गोष्ट शिकलो, तीही उशिरा. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचा अर्ज हातात आला, की आधी 'उप' ही दोन अक्षरं बोटाने झाकावीत. मग उरलेलं वाचावं.