एकमताने नामंजूर

तेव्हा डोंबिवलीत आमच्या घरी बातमी यायची ती मामंजींच्या तोंडून. माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर, गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष. सकाळी पूजा आटोपली की टोपी घालून निघायचे, तिन्ही वर्तमानपत्रं पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे आणि दुपारी पानावर बसले की आम्हाला जगाची हालहवाल सांगायचे. कुठे लष्करानं सत्ता बळकावली, कुठला राजा पळाला, कुठे छापखान्यांना कुलपं लागली. "लोकांपासून बातमी लपवली ना, की तिथली लोकशाही संपली म्हणून समजा," असं म्हणून भाताचा घास घ्यायचे. मी ताक वाढता वाढता ऐकायचे. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू!

लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर कल्याणचं. धाकटा भाऊ सैन्यात होता. कोरियातली लढाई थांबली आणि तिथल्या युद्धकैद्यांवर पहारा द्यायला आपल्या देशाची माणसं गेली, त्यांत तोही गेला. त्याचं पत्र यायला महिना लागायचा. मधल्या दिवसांत मी मामंजींना रोज विचारायचे, "कोरियाचं काही?" ते म्हणायचे, "विशेष काही नाही. शांत आहे सगळं." माझा जीव भांड्यात पडायचा.

एकदा सासूबाईंनी शेंगदाणे आणायला पाठवलं. मला वाचायचा नाद इतका, की वाण्याची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय टाकवत नसे. घरी येऊन दाणे डब्यात ओतले आणि कागद सरळ केला. आठ-दहा दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र. कोरियात कैद्यांच्या छावणीत दंगल, भारतीय पहारेकऱ्यांचा गोळीबार, काही कैदी ठार. आपल्या माणसांचं काय झालं ते पुढच्या ओळींत असणार, आणि नेमका तिथेच कागद फाटलेला. तो तुकडा कुणाच्या तरी घरी मिरच्या बांधून गेला असणार.

मामंजी घरी येताच मी कागद पुढे धरला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," ते शांतपणे म्हणाले. "आपल्या माणसांपैकी कुणी दगावलं नाही, म्हणून बोललो नाही. बायकांच्या जिवाला उगाच घोर कशाला?"

भाऊ सुखरूप आहे हे ऐकून मी आधी देवाला नमस्कार केला आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा दिवस! दहा दिवस मी हसतखेळत पोळ्या लाटल्या. "उद्यापासून मी स्वतः वाचीन," मी म्हणाले.

"कुठे?"

"वाचनालयात."

ते हसले. वाचनालयात बायका बसत नसत. तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. पुस्तकं नवऱ्याच्या नावावर घरी यायची, वर्तमानपत्रं मात्र तिथे बसूनच वाचायची. घरी वेगळं वर्तमानपत्र घेण्याची आमच्यात पद्धत नव्हती, आणि अध्यक्षांच्या घरी तर नाहीच.

पंधरा दिवसांनी वाचनालयाची वार्षिक सभा होती. बायकांना सभासद करून घ्यावं आणि त्यांना वाचनालयात बसून वाचू द्यावं, असा ठराव मी लिहिला आणि नवऱ्यापुढे सहीला ठेवला. ते फोर्टात कारकून, स्वभावानं गरीब गाय.

"अगं, सही करतो," ते म्हणाले, "पण सभेत हात वर करून मत द्यायचं असतं. बाबांच्या देखत माझा हात वर व्हायचा नाही. आणि माझंच काय घेऊन बसलीस, निम्मे सभासद त्यांचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यासमोर हात वर केला की अजून वाटतं, आता पाढे म्हणायला लावतील."

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी मामंजींना चहा द्यायला गेले, तर ते वाचनालयाची वही उघडून सभेचं इतिवृत्त लिहीत होते.

"मामंजी, सभा उद्या आहे ना?"

"हो. पण उद्या घाई नको. मी दरवर्षी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो."

त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. कपबशी ठेवता ठेवता मी वाचलं. 'महिला सभासदांबाबतचा ठराव एकमताने नामंजूर. चहापान होऊन सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली.' मला हसावं की रडावं कळेना. बरं, त्यांच्या मनात काही लबाडी नव्हती हो! आजवर जे लिहिलं तेच दुसऱ्या दिवशी घडत आलं होतं, त्याला ते तरी काय करणार.

त्याच आठवड्यात भावाचं पत्र आलं होतं. मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. आणि पुढे एक गंमत लिहिली होती. तिथे एकेका कैद्याला बाकीच्यांपासून वेगळं काढून तंबूत नेतात आणि विचारतात, मायदेशी परत जायचंय का? तंबूला बाहेर पडायची दारं दोन. जायचं असलं तर या दारानं, नसलं तर त्या. बराकीतले दांडगे तिथे डोळे वटारायला नसतात, म्हणून माणूस मनातलं सांगतो. ते पत्र मी नवऱ्याला दोनदा वाचायला दिलं. दुसऱ्यांदा वाचून ते म्हणाले, "आलं लक्षात."

रविवारी सभा भरली. सासूबाई आणि मी चहाचं निमित्त काढून दाराशी उभ्या. ठराव पुकारला गेला तसे माझे नवरे उठले. बाबांकडे न बघता बोलले. "मतदान चिठ्ठीनं व्हावं."

"चिठ्ठी कशाला?" मामंजी म्हणाले. "आपण काय एकमेकांना परके आहोत?"

एकही जण मान वर करेना. नवऱ्यानंही खाली पाहिलं. मग मी कसली गप्प बसते!

"मामंजी, गेल्या वर्षी निवडणुकीत तुम्ही मत कुणाला दिलंत, हे सासूबाईंनी विचारलं होतं. सांगितलंत?"

"अजून सांगितलेलं नाही!" माझ्यामागून सासूबाई कडाडल्या. माणसं हसायला लागली.

"तुम्ही म्हणाला होतात, गुप्त मतदान हा नागरिकाचा हक्क आहे, बायकोनंही विचारू नये. तिकडे कोरियात कैद्यालासुद्धा एकटं नेऊन विचारतात, आणि बाहेर माझा भाऊ पहारा देत उभा राहतो. मग डोंबिवलीच्या सभासदानं काय घोडं मारलंय?"

मामंजींनी टोपी काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा घातली. शब्दाला पक्का माणूस, आणि शब्द तर त्यांचेच होते. "चिठ्ठ्या करा," ते म्हणाले.

पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. मामंजींनी त्या स्वतः मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या. वही उघडली, पट्टी ठेवून 'एकमताने नामंजूर' यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'एकोणीस विरुद्ध बारा मतांनी मंजूर'. 'खेळीमेळीच्या वातावरणात' मात्र खोडलं नाही. चहा झालाच होता म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग वाचनालयात गेले. मी जुन्या अंकांची फाईल मागून घेतली आणि तो दंगलीचा दिवस काढला. कोरियाच्या प्रत्येक बातमीवर लाल पेन्सिलीची खूण होती. मामंजींची शाळेत पेपर तपासायची तीच पेन्सिल. माझ्या पुडीवरून फाटलेल्या ओळी इथे शाबूत होत्या. 'भारतीय तुकडीत प्राणहानी नाही' या ओळीखाली त्यांनी इतक्या वेळा रेघा ओढल्या होत्या की कागद फाटला होता.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग गेला असं नाही. ती बातमी माझी होती, आणि तिचा घोरही माझाच होता. पण ते एकटे इथे बसून तो घोर सोसत होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी उठले, माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी ठेवली आणि त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्राची एक बाजू धरली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अंक माझ्याकडे थोडा सरकवला.

पान उलटायच्या आधी ते थांबले. "झालं का गं तुझं वाचून?"

"थांबा," मी म्हणाले, "दोन ओळी राहिल्यात."