परसदारी बांधायचा कट्टा

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी आमच्या यांनी घराचं परसदार दिवसाउजेडी नीट पाहिलेलं नव्हतं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अंघोळ, लिंगपूजा, भाकरी, आणि निघाले भुसाराच्या दुकानात. परत यायचे ते दिवेलागणीला. मधल्या वेळात परसात ऊन कुठं असतं नि सावली कुठं, ही विद्या आम्हा बायकांची. डाळी वाळवायच्या, पापड वाळवायचे, धुणी टाकायची. सोलापूरचं ऊन मला नवऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं. म्हणून त्या माघात हे भर दुपारी हातात सुतळी आणि चुन्याची पुडी घेऊन परसात उभे राहिले, तेव्हा मला आधी हसूच आलं. मग कारण आठवलं आणि पदर तोंडाला लावून मी आत पळाले.

लेक माघारी आली होती. एकुलती एक. अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखात दिलेली. घर चांगलं, जावई शांत, खोट काढायला जागा नव्हती. पण दिवाळीपासून तिला खोकला लागला तो लागलाच. संक्रांतीला सासूसासरे स्वतः तिला घेऊन आले. पोरगी गाडीतून उतरली आणि मी तिला ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. सात रस्त्यापाशी एक डॉक्टर बसत, त्यांना दाखवलं. त्यांनी पाठीला नळी लावून ऐकलं, हात धुतले आणि सांगितलं, क्षय आहे. आत कोंडून ठेवू नका, दिवसभर उघड्या हवेवर ठेवा, बाकी देवाच्या हाती.

विहीणबाई निघताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, ‘‘बरी झाली तर तुमच्या तोंडात साखर. पण तसं काही दिसलं तर आमाला कळवा. सवाष्ण बाईनं सासरच्या घरातनंच जावं. माहेरच्या उंबऱ्यातनं निघाली तर दोन्ही घरांना बोल लागतो.’’ त्या काही वाईट बोलल्या नाहीत. आमच्यात रीतच आहे तशी, आणि माझ्या आईच्या तोंडीही हेच असायचं. पण त्या दिवशी ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मनात म्हटलं, जिवंत माणसाची वाटणी कसली करता?

यांनी ते ऐकलं होतं. रात्री जेवताना एवढंच बोलले, ‘‘परसात तिला कट्टा बांधू. पक्का. शहाबादी फरशी घालून.’’

‘‘आजारी माणसाला बाज पुरते की,’’ मी म्हटलं.

‘‘बाज उचलून नेता येती,’’ हे म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडत बसले.

तेव्हा मला कळलं हा कट्टा कशासाठी ते. दगडचुन्यात जागा केली की लेक तिथं रुजेल, मग तिला कोण हलवणार, असं काहीतरी त्या बापाच्या डोक्यात बसलं होतं. वेडेपणाच. पण त्या वेडेपणाला नावं ठेवायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकान मुनिमावर टाकून हे परसात. मधोमध आमचा जुना लिंब. पोरगी त्याच्या सावलीत बाजेवर पडलेली, आणि हे तासातासाला सावलीच्या कडेनं चुना टाकतायत. पोरीला विचारायचे, ‘‘इथं बरं वाटतं का गं? डोळ्यावर येतं का?’’ ती ‘‘ब्याड’’ म्हणाली, की बाज हातभर पुढं. नको असलं की तिच्या तोंडी कानडीच यायची, सासरी राहून लागलेली सवय. बाज पुढं सरकली की ती पुन्हा ‘‘ब्याड’’ म्हणायची. शेवटी लिंबाच्या उत्तरेला लांबसडक गार सावली पडायची, ती जागा ठरली.

मी म्हटलं, ‘‘आवो, ही थंडीतली सावली हाय. वैशाखात ही झाडाच्या बुडाशी जाऊन बसती. मी हितं पापड वाळवते की, मला म्हाईत न्हाय का?’’

‘‘झाड काय चालतं का?’’ हे म्हणाले.

आता या माणसाला काय सांगायचं. दुकानदार माणूस, तराजूच्या काट्यावर विश्वास. डोळ्यानं पाहिलेली सावली, दोरीनं मोजलेली, चुन्यानं आखलेली. ती दगा देईल हे त्यांना पटेना. गवंड्यालाही घाई होती. चुन्याच्या घाण्यात मळून चुना आणला, दगड भरले, वर फरशी बसली. शिवरात्रीला कट्टा उभा राहिला. पोरगी परसाच्या भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, ‘‘अप्पा, राणीवाणी वाटतंय.’’ हे सबंध दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते. लग्नानंतर मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पाडवा झाला आणि सावली निघाली. रोज थोडी थोडी, झाडाच्या बुडाकडं. चैत्र संपेपर्यंत दुपारचा सगळा कट्टा उन्हात. फरशी अशी तापायची की पाणी टाकलं तर चर्र आवाज यायचा, आणि दिवस बुडाल्यावरही तिच्यातनं धग निघायची. हे कट्ट्याकडं बघत उभे. बाज लिंबाच्या बुडाशी होती, तिथून पोरगीच बोलली.

‘‘अप्पा, कट्टा तुमी उन्हाला बांधलासा, मला न्हाय.’’

हे कसनुसे हसले. ती हसता हसता खोकायला लागली आणि मी तिची पाठ धरली. फडक्यावर रक्त आलं होतं. यांनी ते पाहिलं आणि कट्ट्याकडं तोंड फिरवलं.

मग नवा बेत सुरू झाला. वर मांडव घालायचा. खांब सागाचे की बाभळीचे, छपराला तुरीच्या तुराट्या की कपाशीच्या पळाट्या, पश्चिमेला वाळ्याचा पडदा, त्याच्यावर पाणी कुणी आणि किती वेळा मारायचं. विहिरीचं पाणी खोल गेलेलं, म्हणून हे स्वतः रहाट ओढायचे. मांडव बसला तर पोरगी म्हणाली, पश्चिमेकडनं तिरीप येती. पडदा खाली घेतला तर म्हणाली, वारा आडला. फरशी तापती म्हणून वर माती टाकून शेणानं सारवली, तर म्हणाली, मातीचा वास चढतोय. बापानं प्रत्येक वेळेला ‘‘व्हय, व्हय’’ म्हणत मोडून पुन्हा केलं. मला मात्र पोरीचा राग यायला लागला. आजारी असली म्हणून काय झालं, बापाला किती नाचवायचं?

एकदा हे पाण्याला गेलेले असताना मी तिला झापलंच. ‘‘किती गं छळशील त्यांना? काय कमी हाय आता या कट्ट्यात?’’

ती डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, ‘‘कायच कमी न्हाय अव्वा. लई चांगला झालाय. पण कट्टा झाला की अप्पा दुकानात जातील की.’’

लहानपणी ही पोर झोपल्यावर बाप यायचा आणि उठायच्या आत आवरून निघायचा. लग्नाची सुपारी फुटली तेव्हा, आणि दिवाळीत, एवढंच काय ते बापलेकीचं बोलणं. आता या दोन-तीन महिन्यांत दोघं किती बोलत होते! खांबांवर, पडद्यावर, वाऱ्यावर. दुसरं कशाचं बोलायला दोघांनाही येत नव्हतं, म्हणून सगळं कट्ट्याचंच बोलायचे. मी हे यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते लाजून दुकानात गेले असते, इतका माझा नवरा मला ठाऊक होता.

वैशाखात ती बसेनाशी झाली. डॉक्टर येऊन गेले आणि दारात थांबून मान हलवून गेले. कळवायचं की नाही, यावर आमचं बोलणंच झालं नाही. पण अशा गोष्टी बाजारातनं पोचतात. व्याही आणि विहीणबाई गाडी घेऊन आले.

यांनी व्याह्यांचा हात धरला आणि त्यांना थेट परसात नेलं. चहा नाही, पाणी नाही. ‘‘हे बघा, हितनं वारा येतो. हा पडदा भिजवला की दुपार कळत न्हाय. पूर्वेला आणखी एक झाप लावणार हाय, मग सकाळचं बी ऊन न्हाय.’’ एकेका खांबाला हात लावून दाखवत होते. व्याही धोतराचा सोगा हातात धरून सगळं ऐकत उभे राहिले. माणूस भला. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, ‘‘लई चांगलं केलंय. आमच्यानं एवढं झालं नसतं. पण दादा, ती आमच्या घरची हाय. आमाला बी तोंड हाय गावात.’’

भांडायचं कुणाशी? भांडणारं माणूस समोर असतं तर मी जोडे हाणले असते. पण विहीणबाई पोरीच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या आणि स्वतःच रडत होत्या. पोरीला विचारलं, जायचं का. तिनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. बाप खांबाला धरून उभा. म्हणाली, ‘‘जाते. न्हायतर अप्पांना उगं बोल लागंल.’’ मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मला नको म्हणता आलं नाही, कारण लेक दिली की ती आपली नसते हे मला पाळण्यापासून शिकवलेलं होतं. आग लागो असल्या शिकवणीला.

गाडीत गादी घातली, वर उन्हाला आड म्हणून कापडाचा बुरखा बांधला. हे चाकाशी उभे. पोरीनं त्यांना जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, मनातलं. तर म्हणाली, ‘‘अप्पा, कट्टा जरा अरुंद झालाय. मी आल्यावर तुमी बी शेजारी बसाल, एवढा रुंद करून ठेवा.’’

‘‘व्हय,’’ हे म्हणाले. ‘‘करतो की.’’

आणि केला. दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावून एक बाजू फोडली. येणारे जाणारे माझ्याकडं बघायचे, आता कशासाठी म्हणून. रहाट ओढून हे चुन्यावर पाणी मारायचे आणि दुकानाचं नाव काढत नव्हते. नवी फरशी अजून पक्की बसली नव्हती तोवर जावयाचा भाऊ घोड्यावरनं आला. त्यानं दारात पागोटं काढलं, तिथंच आम्हाला कळलं. यांनी हातातली बादली खाली ठेवली, खुंटीवरचा कोट घातला, छत्री घेतली आणि म्हणाले, चला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. सासरच्या शेतात, त्यांच्या वाडवडिलांच्या शेजारी खड्डा खणलेला. काळी रानं, नांगरून पडलेली, नजर जाईल तिथवर एक झाड नाही. पोरीला हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर विभूती लावून, फुलांच्या माळा घालून खड्ड्याच्या काठी बसवली होती, आणि मठातल्या स्वामींचे मंत्र चालले होते. ऊन तिच्या सरळ तोंडावर. हे गर्दीतून पुढं गेले, तिच्या मागं उभे राहिले आणि छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

कुणीतरी म्हणालं, ‘‘अण्णा, छत्री मिटा, स्वामींना अडचण होती.’’ यांना ऐकूच गेलं नाही. दुसरं कुणी छत्रीला हात घालायला पुढं झालं तेव्हा मी म्हटलं, ‘‘धरू द्या त्यांना.’’ माझा आवाज असा निघाला असावा की तो माणूस मागं सरला. स्वामींनी मंत्र चालूच ठेवले. ऊन सरकेल तशी हे छत्री कलती करत होते. ते स्वतः सबंध उन्हात होते, आणि मानेवरनं घाम कोटात उतरत होता.

मंत्र संपले. चौघांनी तिला उचलली आणि खाली उतरवली. खड्डा खोल होता आणि सूर्य खाली आलेला, त्यामुळे आत ऊन नव्हतं. यांनी काठाशी गुडघे टेकले, वाकून आत चारी बाजूंनी बघितलं. मग छत्री मिटली.