कालव्यावरच्या सेक्रेटरीबाई

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, तासाभरात त्या तिथला नियमांचा बोर्ड शोधून काढणार आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचणार. पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणून त्यांनी पार्किंगची भांडणं सोडवण्यात उभी हयात घालवलेली. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या छोट्या गावी मुलाकडे सहा महिने राहायला आल्या, तेव्हा मॉल, धबधबा कशातच त्यांचं मन रमेना. रमलं ते गावामागच्या कालव्यावर. तिथे बोटी बांधायला खुंट आहेत आणि शेजारी बोर्ड: एका जागी दोन रात्री फुकट, पुढे परवाना आणि फी, नाहीतर दंड, आणि तरीही हलला नाहीत तर बोट उचलून नेणार. "अगं, हे तर आपलं व्हिजिटर पार्किंगच!" काकू मला म्हणाल्या, आणि त्यांना माहेर सापडल्यासारखं झालं.

मी घरून काम करते, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्यासोबत फिरायला जाणं माझ्याकडे आलं. त्यांच्या शंका ऐकून मी थक्क व्हायची. मध्यरात्रीनंतर आलेल्या बोटीची ती रात्र धरायची की नाही? बोटीवर कोणीच नसेल तर दंडाची पावती चिकटवायची कुठे? इतकी वर्षं मी या कालव्याकाठी राहतेय, मला यातला एकही प्रश्न पडला नव्हता. उत्तरं द्यायला कालव्याची देखरेख करणारी एक तरुण अधिकारी होती. सुरुवातीला काकू दिसल्या की ती बिचारी केबिनमध्ये पळायची, पुढे पुढे तिने काकूंसाठी एक खुर्चीच आणून ठेवली. काकू खुर्चीवरूनच हाक द्यायच्या, "एक्सक्यूज मी, ब्लू बोट, थर्ड नाईट!"

अशीच एक हिरवी बोट त्यांनी पकडून दिली. मालक गुडघ्याने अधू असलेला म्हातारा. इंजिन बंद पडलेलं, त्याचा पार्ट यायचा होता, आणि एका बोटीला मिळतात तेवढे परवाने तर सगळे वापरून संपलेले. अधिकारी मुलीने पडल्या चेहऱ्याने सांगितलं, संध्याकाळपर्यंत हलवा, नाहीतर बोट उचलावी लागेल. म्हातारा काकूंकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, मला दुसरं घर नाही."

परतताना काकू अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या, "पार्किंगमध्ये कोणी राहत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." आणि तरातरा मागे फिरल्या. चष्मा पुसून बोर्ड पुन्हा वाचला. तळाशी लिहिलं होतं की बोट पुढच्या खुंटाला नेली तर दोन रात्री नव्याने मिळतील. "इंजिननेच न्यायची असं लिहिलंय का कुठे?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी ओढणी कमरेला खोचली होती आणि बोटीचा दोर खांद्यावर घेतला होता. मागून मी धरला. म्हातारा बोटीतून बांबूने काठ सांभाळत होता. बोट आधी हलेचना, मग अशी काही निघाली की काकूंनाच पळावं लागलं. अधिकारी मुलगी हसू दाबत म्हणाली, "लीगल आहे."

मग दर तिसऱ्या दिवशी आमची वरात निघू लागली. काकू येताना त्याच्यासाठी थर्मासमधून चहा आणायच्या आणि त्याला 'आपला मेंबर' म्हणायच्या. पार्ट काही येईना आणि इकडे काकूंच्या व्हिसाचे सहा महिने भरत आले. मुलगा म्हणाला, "आई, एक्स्टेन्शनसाठी अप्लाय करू ना, सगळेच करतात." काकू म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना वेळेवर हलवलं, आता मीच बसू होय?" शेवटच्या संध्याकाळी मात्र दोर माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरून आले. "त्याला उचलू देऊ नकोस हं," एवढंच बोलल्या.

नाही उचलू दिलं. कधी मैत्रीण आली ओढायला, कधी ड्यूटी संपवून ती अधिकारी मुलगीसुद्धा. थंडीच्या तोंडावर पार्ट आला, इंजिन धडधडू लागलं. निघताना म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या मॅडम आता कुठे असतात?"

"पुण्यात, स्वतःच्या घरी."

"तिथे किती रात्री राहू देतात?"

"हव्या तितक्या," मी म्हणाले. त्याने समाधानाने मान हलवली आणि तो गेला. माझ्या व्हिसाची मुदत पुढच्या वर्षी संपते. काकूंचा मला फार हेवा वाटला, आणि त्यांची आठवणही फार आली.