रुखवतातले दोन पोपट

कमलताईंच्या संगीताचा फोन आला तेव्हा मी बेसाच्या बाजारात वांगी निवडत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. निवडलेली वांगी मी भाजीवाल्यासमोर परत ठेवली आणि त्याला उगाचच "उद्या घेते" म्हणाले. त्याला महिना होऊन गेला. कमलताई माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या, म्हणून लोक आम्हाला शेजारणी म्हणत. खरं तर आम्ही दोघी मिळून ग्रीटिंग कार्डं करायचो, आणि कार्डं करता करता भांडायचो.

मी शाळेत चित्रकला शिकवलेली. निवृत्तीनंतर धरमपेठेतून जाड कागद आणून दिवाळीची कार्डं करत बसायची. एकदा कमलताई वर आल्या, कार्डावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "छान आहे वं, पण हाताले काही लागतच नाही." मला राग आला. दुसऱ्या दिवशी माझ्याच एका कार्डावर त्यांनी दोऱ्यानं ज्वारीचं कणीस भरून आणलं. कणीस सुरेख होतं, पण आयुष्यभर कापडावर भरतकाम केलेला हात, त्यांनी टाका सवयीनं ओढून घेतला होता आणि कागद एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत फाटला होता. मग कामं वाटली गेली. घडी घातलेल्या चादरीवर कार्ड ठेवून मी सुईनं भोकं पाडायची आणि त्यांनी हलक्या हातानं दोरा ओवायचा. "तुझा कागद नव्या जावयासारखा आहे," त्या म्हणायच्या, "जरा ओढलं का रुसते."

एका दुपारी खाली गेले तर कमलताई हातात कात्री घेऊन बसलेल्या, आणि पुढ्यात त्यांच्या लग्नातल्या रुखवताचा टेबलक्लॉथ. मॅटीचं कापड, कोपऱ्यांत फुलं, मधोमध समोरासमोर बसलेले दोन हिरवे पोपट. फुलांचे कोपरे आधीच कापून झाले होते. माझ्या तोंडून "अहो, हे काय" निघालं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पेटीत पडून पिवळं होऊन राहिलं. पोरीले नको, सुनेले नको. कार्डावर लावू, चार घरी तरी जाईल." एक फूल आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंच्या वाढदिवसाला गेलं, एक दूधवाल्याच्या मुलीच्या बारशाला. पोपट मात्र त्यांनी बाजूला ठेवले होते.

ते का, हे पुढं हळूहळू कळलं. कमलताई पारशिवनीच्या. धाकटी बहीण शांता आणि त्या, दोघींनी मिळून तो टेबलक्लॉथ भरला होता. एक पोपट हिचा, एक तिचा. लग्नात रुखवत मांडलं, वराकडच्या बायका बघायला आल्या, आणि त्यांच्या आईनं रिवाजाप्रमाणे सांगून टाकलं, "सगळं आमच्या कमलच्या हातचं." शांता तिथंच उभी होती. नवरीनं तोंड उघडायचं नसतं, म्हणून कमलताईही गप्प राहिल्या. तेवढ्यावरून बहिणींमध्ये जे आलं ते गेलंच नाही. लग्नाकार्यात भेटत, वाढलेलं जेवत, पण मनातलं कधी बोलल्या नाहीत. माझ्यासारखीला वाटेल, पोपटासाठी कुणी एवढं धरून ठेवतं का? भरतकाम करणाऱ्या बाईला विचारून बघा.

कमलताईंनी पोपटांची जोडी मधोमध कापली. मला ते काही बरं वाटलं नाही, तसं बोललेही. त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही तुकडे उलटे करून बघितले, एकाची मागची बाजू जास्त सफाईची होती. "शांतीचा हाच. तिचा हात माह्याहून साफ." तो त्यांनी कार्डावर चिकटवला, मी खाली भोकं पाडली, आणि त्यांनी लाल दोऱ्यानं नाव भरलं: शांता. कार्ड पोस्टानं गेलं. दुसरा पोपट दुसऱ्या कार्डावर लावून त्यांनी मला दिला. "हा माहा. तुह्याजवळ राहू दे."

पारशिवनीहून काही उत्तर आलं नाही. कमलताई फोन पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवायच्या. "पोहोचलं नसन का वं?" रोज विचारायच्या. मी म्हणायची, पोहोचलं असेल, येईल फोन. तो आला नाही, आणि त्या गेल्या. मला शांताबाईंचा फार राग आला, अजून त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं तरी. तेरवीलाही त्या नव्हत्या. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही, असं संगीता म्हणाली. शेवटी माझ्याकडचा पोपट पिशवीत घालून मीच पारशिवनीला गेले. जोडी एकत्र तरी राहील, असं मनात होतं. दोन शब्द सुनावायचेही होते.

शांताबाईंनी चहा केला. त्यांचं कार्ड काचेच्या कपाटात उभं होतं. मी माझं पुढं केलं आणि म्हणाले, "हा कमलताईंचा. तुमच्याजवळच असू द्या." त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं.

"हा माहा आहे," त्या म्हणाल्या. "माह्या पोपटाचा डोळा काळा. तिचा भरायच्या वेळी काळा दोरा सरला होता, मंग तिनं निळा घातला. कपाटातला पाहा."

मी पाहिलं. डोळा निळा होता.

"तिनं आपलाच मले धाडला अन् नाव माहं घातलं. आता फोन करून काय सांगू, तू चुकली म्हणून? का नुसतं गोड मानून घेऊ? हेच रोज ठरवत होती मी, अन् फोन खाली ठेवून देत होती..." मी कसंबसं विचारलं, कार्डं बदलायची का?

"नाही. तिचा माह्यापाशीच राहीन." मग त्यांनी सुईदोऱ्याचा डबा काढला. "यावर नाव नाही घातलं तिनं. कमल घालून देतो, तुमच्यापाशीच राहू द्या."

"पण हा तर तुमच्या हातचा..."

"हो. तेव्हा मले कोणी विचारलं नव्हतं. आता माह्या मनानं देऊन राहिली."

मी चादरीची घडी मागितली, कार्ड त्यावर ठेवलं आणि तीन अक्षरांची भोकं पाडून दिली. पहिला टाका ओढायच्या आधी मी सांगितलं, हलका हात ठेवा, कागद आहे. त्या रडत होत्या, तरी टाका सैल पडला नाही आणि कागद फाटला नाही.

ते कार्ड आता माझ्या टेबलावर आहे. पोपट शांताबाईंचा, नाव कमलताईंचं. भोकं तेवढी माझी.