मे महिन्याचं पान

१५ डिसेंबर १९७४, रविवार. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरातल्या मे महिन्याची घरं आखायचं काम हाती होतं.

ओट्यावर पाट पालथा घालून त्यावर फुलस्केप पसरला होता. एका पानावर एक महिना, वर मुलांनी काढलेलं चित्र, खाली तारखांची घरं. मे मला सोपा वाटला होता. शाळेला सुट्टी, सण थोडे. अक्षय तृतीया, बुद्धपौर्णिमा आणि बाजाराच्या वाराखाली दर आठवड्याला एक ठिपका. केनवडच्या बाजाराला जाणारं ते गाव. तिथं माणसं तारीख विचारत नसत, बाजाराला किती दिवस उरले ते विचारत.

मी त्या गावच्या प्राथमिक शाळेत हेडबाई होते. वयानं चाळिशी ओलांडलेली. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, त्यामुळे बदली होऊन आले तेव्हा राहायला खोली गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतच मिळाली. गावात दोन खोल्या रिकाम्या होत्या. मला पाहिल्यावर त्यांत अचानक कापूस भरायचा ठरला.

कॅलेंडर दरवर्षी सरपंच वाटत. त्यांचं दुकान होतं आणि शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांच्या कॅलेंडरवर देवाचं चित्र असे. वर्ष संपलं तरी ते कोणी फाडून टाकत नसे. तारखा कापून चित्र भिंतीवर राहायचं आणि बाया त्याला हळदकुंकू लावायच्या. काही घरांत देवच देव होते, आज कोणता वार ते मात्र कळत नव्हतं. मी समितीत म्हटलं, यंदा मुलांच्या चित्रांचं करू. विषय एकच, आपल्या गावचं झाड आणि पाणी. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडलेली पोरं माझ्या चौथीत बसत होती. झाड आणि पाणी म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"देवाचा फोटो नाही तं बाया हळदकुंकू कायले लावतीन?" सरपंचांनी विचारलं.

"कॅलेंडरले लावूच नका म्हणा. तारीख पाहा म्हणा."

समितीतले बाकीचे हसले, सरपंचही हसले. माणूस एरवी मोकळा होता. कागद मी देतो म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी रिमं शाळेत पाठवली.

छपाईचं मी वाशीमला जमवलं होतं. तिथल्या एका टायपिंगच्या वर्गात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मेणकागदावर लोखंडी लेखणीनं चित्र कोरायचं, यंत्रावर चढवायचं आणि दांडा फिरवायचा. उमटणार फक्त काळ्या रेघा. रंग पोरांनी प्रत्येक पानावर हातानं भरायचे. गेरू, नीळ, हळद आणि वालाच्या पानांचा रस. हळदीचं एकदा फसलं. नमुन्याची पानं आम्ही शाळेच्या भिंतीवर चिकटवली, भिंत नुकती चुन्यानं रंगवलेली होती आणि सगळे पिवळे सूर्य ओल्या चुन्यानं लालभडक झाले. त्यानंतर पिवळ्यासाठी पिवळी माती वापरली.

चित्रांचा पहिला गठ्ठा मी परत केला होता. प्रत्येकानं दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत होडी आणि काठावर नारळाचं झाड काढलं होतं. मी विचारलं, "नारळाचं झाड कोणी पाह्यलं?"

एकजण म्हणाला, "बाई, नारळ पाह्यला. सोललेला."

"आणि होडी?"

"होडी तं पाण्यात राह्यते बाई. आपल्या इथं पाणीच कुठं हाय?"

"मग जे पाह्यलं तेच काढायचं. न पाहिलेलं काढलं तर मी फाडीन."

दुसऱ्या गठ्ठ्यात नारळ नव्हता. तुरीवर उतरलेले पोपट होते, फुलांनी पेटलेला पळस होता, बाभळीवर पुढचे पाय टेकून उभी असलेली बकरी होती. नाल्याचं कोरडं पात्र एकानं इतकं मोठं काढलं होतं की गाव एका कोपऱ्यात गेलं. मला तो कोपरा फार आवडला, ते पान मी एप्रिलला दिलं.

आणि गावविहीर होती. ते चित्र आमच्याच वस्तीतल्या चौथीच्या एका मुलीचं. वस्तीची विहीर होळी झाली की तळ दाखवी, मग वस्तीतल्या सगळ्यांना वरच्या गावविहिरीवर जावं लागे. गावविहिरीला दगडी ओटा आणि त्यावर मोठा कडुनिंब. मुलीनं कडुनिंबाचं पान न् पान काढलं होतं. सावली ओट्यापुरतीच काळी केली होती. सावलीत एक म्हातारी पोहरा ओतत उभी, आणि ओट्याखाली उन्हात आमच्या बाया घागरी मांडून बसलेल्या. दोराला हात लावायचा नाही. वरून कोणी ओतेल तेव्हा घागर पुढे सरकवायची. मी शाळेत गेले की सरपंच मला खुर्ची देत, पण चैत्रात माझीही घागर त्याच रांगेत असे. मी त्यांना बोललेही होते. "पाहू," म्हणाले. तेव्हापासून पाहतच होते.

मे महिना पाण्याचाच. ते चित्र मी मेवर लावलं.

सरपंचांनी ते समितीच्या बैठकीत पाहिलं. मी उत्तर तयार ठेवून बसले होते. पण त्यांनी चित्र उचलून खिडकीपाशी नेलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "ही तं आमची माय! पाठीतला बाक पाहा, हुबेहूब. अक्षय तृतीयेले पाणी दान करून राह्यली." आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं भरली घागर द्यायची पद्धत आहे. म्हाताऱ्या वैशाखभर पाणी वाढणं पुण्याचं मानतात. त्यांनी चित्रात तेवढंच पाहिलं. रांग त्यांना दिसलीच नाही, कारण ती रांग ते जन्मापासून पाहत आले होते. चित्र घरी नेऊन त्यांनी मायला दाखवलं आणि परत आणून दिलं.

शनिवारी वाशीमहून शिक्षणखात्याचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. सरपंचांनी स्वतःच ते पान त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, ही आमची माय."

साहेबांनी चष्मा पुसला. "छान. पण या बाया स्वतः पाणी का शेंदत नाहीत?"

उत्तराची वाट न पाहता साहेब पुढे म्हणाले, "कायदा आहे, माहीत आहे ना?"

"नाही जी, तसं काही नाही," सरपंच घाईनं म्हणाले. "आमच्या गावात कोणी कोणाले अडवत नाही. पोरीनं असंच काढलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोरीनं पाहिलं तेच काढलं." साहेबांनी चहा घेतला आणि गाडीला उशीर होतो म्हणून गेले.

तर रविवारी मी मेची घरं आखत होते आणि सरपंच वस्तीत आले. यापूर्वी मतं मागायलाच आले होते. ओट्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"बाई, ते चित्र काढून टाका."

"मे महिना कोरा ठेवू?"

"दुसरं कोणतंही टाका ना. आंबा टाका."

"आंबा आपल्या गावात कोणाच्या वावरात हाय?"

ते चिडले. मग जरा नरम होऊन म्हणाले, "बरं, चित्र राहू द्या. पोरीले सांगा, दोर तिच्या मायच्या हातात दे. दोन रेघा तं बदलाच्या हायेत."

"दोर चित्रात देता, तसा विहिरीवर द्या. मी उद्याच पोरीले नवं चित्र काढाले लावते."

"कोणी अडवलं तुमाले? सांगा, कोणी अडवलं?"

"सावलीत येऊन शेंदलं तर चालेल?"

"म्या साहेबाले सांगितलं ना, कोणी अडवत नाही." मग आवाज चढला. "कागद माहा हाय, हे ध्यानात ठेवा. बदलीचंही मले सांगता येते."

मुलीची आई दारातून ऐकत होती. सरपंचांच्याच वावरात ती कापूस वेचायला जायची आणि वेचणी ऐन भरात होती. सरपंच गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "बाई, राहू द्या ना. एका चित्रापायी रोजी जाईन आमची."

मुलगी तिच्या मागेच होती. तिनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी खोटं काढलं काय?"

"नाही."

"मंग बदलू नका. तुमीच म्हटलं होतं, खोटं काढलं तं फाडीन."

आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, पण त्यात जोर नव्हता. मी आईला सांगितलं, तुझ्या पोरीचं नाव पानावर नाही, कोणाचंच नाही. चित्र मी निवडलं, मीच छापते. तू उद्या वेचणीला जा आणि कोणी विचारलं तर म्हण, बाई ऐकत नाही. हे म्हणायला तिला काही अडचण नव्हती. सगळं गावच तसं म्हणत होतं.

मग सरपंचांची रिमं मी शिपायाकडून त्यांच्या दुकानात परत पाठवली. केनवडच्या किराणावाल्याकडे पुड्या बांधायचा खाकी कागद मिळतो, छपाईला जाताना तोच घ्यायचा ठरवला. तो शाई चांगली पितो. पांढऱ्यावर गेरू जितका उठतो तितका खाकीवर उठणार नाही, एवढंच नुकसान. संध्याकाळी मेणकागद खिडकीच्या काचेवर धरून त्यावर विहीर कोरली. म्हातारी, कडुनिंब, सावलीची कड, ओट्याखालच्या घागरी. एकही रेघ बदलली नाही. सावली भरताना लेखणी जपून चालवावी लागते, जास्त दाबली की मेणकागद फाटतो. फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, घागर, पोहरा आणि दोर घेतला आणि वर गावविहिरीकडे निघाले. वस्तीच्या विहिरीला तेव्हा भरपूर पाणी होतं, हात घातला तर लागेल इतकं. वाटेवर वेचणीला निघालेल्या बाया थांबल्या. त्यांच्यात मुलीची आईही होती. मी कोणाला चल म्हटलं नाही.

ओट्यावर सरपंचांची माय होती. मला चढताना पाहून तिनं पदर सावरला.

"काय बाप्पा बाई, तुमच्या विहिरीचं पाणी सरलं काय?"

"नाही आजी. काठोकाठ हाय."

"मंग इथं काहून?"

"तुमचे सरपंच म्हणाले, इथं कोणी कोणाले अडवत नाही. मी म्हटलं, पाहून यावं."

तिनं गावाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दोराकडे. हाक मारावी की नाही, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात मी पोहरा सोडला. तो पाण्यावर आपटल्याचा आवाज खालून वर आला. मी दोन्ही हातांनी दोर ओढला, घागर भरली, तिथंच कडुनिंबाखाली उभं राहून ओंजळभर पाणी प्यायले आणि ओटा उतरले. घागर घरी ठेवली, मे महिन्याचा मेणकागद वर्तमानपत्रात गुंडाळला, शाळा दुसऱ्या मास्तरांच्या हवाली केली आणि वाशीमची गाडी धरली.