आमच्या आळीला काही कमी नाही

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. मी बावन्न वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, तरी आळीत माझा शब्द चालायचा. ठाण्यात खाडीकाठाला, बाळकुमच्या अलीकडे, आमची कोळ्यांची अठरा घरं. भांडण मिटवायचं असो की लग्नाची बोलणी, पहिला मी बसणार. खाडीत मासे कमी झाले तसा मी कंपनीत लागलेलो. मनगटावर घड्याळ होतं. आळीत तेवढं एकच.

त्या वर्षी वॉर्ड ऑफिसातून निरोप आला, कॉलेजच्या दोन मुली येतील, कोण कसं राहतं ते फॉर्मवर लिहून घेतील. माणसं सुखात राहतात की नाही, याचं सरकारला माप काढायचं होतं म्हणे. मला हसू आलं. सुखाचं माप कसं काढणार, ते काय सुकट आहे?

आमच्यात घरी परका येतो तो एकाच कामासाठी, मुलगी बघायला. मग शेजारच्या खुर्च्या आणायच्या, फाटकी जाळी मागच्या अंगाला टाकायची, बायकांनी ठेवणीतलं नेसायचं. घर भरलेलं दिसलं पाहिजे. मला तेवढंच ठाऊक. मी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, उद्या आळीची अब्रू आहे. दारापुढे पाण्याची पिंपं आणि हंडे रांगेनं मांडलेले असायचे, ते फार वाईट दिसत होते. मी होडीचं जुनं शीड आणलं आणि त्यावर टाकलं. वर दोन कुंड्या ठेवल्या.

मुली आल्या. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या असाव्यात, चप्पल कुठे काढू ते विचारत होत्या. बायकोने मांदेली तळलेली. एक मुलगी मासे खात नव्हती, ती नुसती भाकरी खाऊन चांगली आहे म्हणाली. मग तिने फॉर्म काढला.

"काका, खरं ते सांगा हं. पाण्याची लाइन आधी कुठे टाकायची ते यावरून ठरणार आहे."

हे ती बोललेली. मी ऐकलेलं. पुढे मी चारचौघांत सांगत फिरलो की असं कोणी बोललंच नव्हतं.

"पाणी कुठून आणता?"

"नळ आहे."

"घरात?"

"घरात नाही, पण इथंच. रस्त्याला."

"भरून आणायला किती वेळ लागतो?"

मला काय ठाऊक. मी कधी गेलोच नव्हतो. पण ठाऊक नाही असं मी कोणापुढे म्हटलेलं नाही. "पाच मिनिटं," मी म्हणालो.

सून दारात उभी होती. दोन वर्षं झालेली तिच्या लग्नाला. "बाबा, पाच मिनिटं कशी—"

"तू आत जा."

ती आत गेली. मुलीचं पेन थांबलं. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग लिहिलं पाच मिनिटं. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, सुनेचं नसतं.

संडासाचं विचारलं. बायकांसमोर असलं विचारणं मला आवडलं नाही, मी 'आहे' असं सांगून टाकलं. आमच्या बायका उजाडायच्या आत खाडीच्या कडेला जात. शेवटी ती म्हणाली, "दहापैकी किती समाधानी आहात?"

"दहापैकी दहा. अकरा असतील तर अकरा लिही. आमच्या आळीला काही कमी नाही."

मुली हसल्या, मीही हसलो. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी त्यांच्याबरोबर बाकीची सतराही घरं फिरलो. प्रत्येक दारात मी पुढे उभा राहिलो, त्यामुळे माझ्या उत्तराहून वेगळं उत्तर कोणी दिलं नाही.

सहा महिन्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर यादी लागली. लाइन मिळाली नाल्यापलीकडच्या वस्तीला. ते काल आलेले लोक. त्यांच्या बायकांनी त्या दोन मुलींना हात धरून नळापर्यंत नेलं होतं, असं नंतर कळलं. आमची आळी यादीत अगदी खाली.

मी पेटलो. देवळात सगळ्यांना जमवलं. पैसे खाल्ले यांनी, आपण मूळचे, आपल्याला डावललं, असं तासभर बोललो. बोलताना मला ती पाच मिनिटं आठवत होती. मी आवाज आणखी चढवला. सूनही मागे बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पंधरा-वीस माणसं घेऊन ऑफिसात गेलो. बायकाही होत्या. तिथला साहेब शांत माणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कपाटातून गठ्ठा काढला आणि म्हणाला, "बसा काका, वाचून दाखवतो. तुमच्याच लोकांनी दिलेलं आहे." मी नको म्हणणार होतो, पण नको म्हणायला तोंड कुठे होतं?

तो वाचत गेला. पाण्याला लागणारा वेळ, पाच मिनिटं. संडास, आहे. समाधान, दहा. पुढचं घर. पाच मिनिटं, आहे, दहा. अठरा वेळा. साहेबाचा आवाज एकसारखा होता, भजनातल्या ध्रुपदासारखं तेच तेच परत येत होतं.

शेजारची म्हातारी वहिनी खाली फरशीवर बसलेली. ती म्हणाली, "पाच मिन्टं? भावोजी, तुमी कवा गेल्ते पान्याला?"

आणि बायका हसायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. त्या हसल्या, तोंडाला पदर लावून. साहेबही खाली बघायला लागला. पुरुषांपैकी कोणीच हसलं नाही. मग मला कळलं, त्यांनाही ती पाच मिनिटं खरीच वाटलेली.

साहेब म्हणाला, यादी आता बदलत नाही, पुढच्या वेळी बघू. आमच्याकडे लाइन यायला त्यानंतर चार वर्षं लागली. चार वर्षं अठरा घरांच्या बायका माझं खोटं डोक्यावरून वाहत होत्या. त्याचं माप कुठल्या फॉर्मात आहे मला माहीत नाही.

घरी आलो. बायकोने ताट वाढलं, रोजच्यासारखं. मी घास हातात धरून विचारलं, "किती वेळ लागतो गं खरं?"

ती चुलीकडे बघत म्हणाली, "मना नाय ठाव. घड्याल तुमच्या हातात असतं."

पाठमोरी होती, पाठ जरा एका अंगाला वाकलेली. हे वाकणं मी वयाचं समजत होतो. मी तिची माफी मागितली नाही. आमच्या वेळी तशी रीत नव्हती, असं म्हणून सुटता येतं. पण खरं म्हणजे माझी जीभच उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी उठलो. कंपनीत दांडी मारायची ठरवलं. सून दारात दोन हंडे विसळत होती. मी घड्याळ काढून तिला दिलं. तिने ते मनगटाला बांधलं नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचलं. मी एक हंडा उचलला.

"लोकं हसतील बाबा."

"हसू दे."

मी निघालो आणि सवयीने मोठ्या रस्त्याला लागलो. मागून तिचा आवाज आला, "तिकडून नाय. आम्ही बांधावरनं जातो."

मी वळलो आणि तिच्या मागून चालू लागलो.