एका भिंतीवर एकच

एकोणीसशे नव्वदनंतर मद्रासमध्ये चित्रांच्या नव्या नव्या गॅलऱ्या निघत होत्या आणि मी तंजावूरहून रेल्वेने जाऊन त्या पालथ्या घालत होते. आधुनिक चित्रं कळत नाहीत म्हणणाऱ्यांचा मला रागच येई. अरे, कळायला आधी बघायला तर हवं! तिथली एक गोष्ट मला फार पटली. अख्ख्या पांढऱ्या भिंतीवर एकच चित्र आणि समोर बसायला बाक.

घरी येताच मी देवघराची भिंत रिकामी करायला घेतली. तिच्यावर बोटभर जागा नव्हती. दुकानांच्या कॅलेंडरांतल्या लक्ष्म्या, कुंभकोणमहून आणलेल्या तसबिरी, सगळं एकाला एक खेटून. फणसाच्या फळीवर रंगवून सोन्याचा वर्ख लावलेला आमचा जुना बाळकृष्ण तेवढा ठेवला. त्याचा हारसुद्धा काढला.

"बाकीचे देव कुठे गेले?" आईने विचारलं.

"कपाटात. आधी हा एक नीट बघ," मी ठणकावलं.

ती रागाने समोर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लोण्याच्या मडक्यामागे मांजर आहे गं!"

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती रोज त्या चित्रापुढे दिवा लावत होती.

मी जिंकल्यासारखी हसले. तरी वाटलं, आता ती सगळे देव परत लावायला सांगणार.

"उद्या याला आत ठेव," आई म्हणाली, "आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढ."